बॅकस्पेसच्या कळीची पूर्वपीठिका

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आज्ञा लिहीत असता एखादे अक्षर चुकावे, ते खोडण्यासाठी सवयीने बोट कळफलकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जावे, आणि चुकलेले अक्षर नाहीसे होण्याऐवजी त्याच्यापुढे ‘^एच’ अशी दोन परकी चिन्हे येऊन बसावीत, हा अनुभव ज्याने या प्रणालीवर थोडी वर्षे काढली आहेत अशा बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा आलेला असतो. पुन्हा दाबावे तर पुन्हा तीच दोन चिन्हे, आणि चिडून दाबतच राहावे तर त्यांची रांग ओळीच्या टोकापर्यंत. नवखा मनुष्य कळफलक बिघडला असे समजून तो उलटा करून झटकतो, शेजारच्या टेबलावरचा आणून जोडतो, आणि त्या परक्या कळफलकावरही तोच प्रकार झालेला पाहून यंत्राच्या नावाने बोटे मोडतो. कळ बिचारी निर्दोष असते. तिने आपला निरोप वेळेवर पोहोचवलेला असतो. परंतु तो निरोप ज्या दप्तरात दाखल झाला तेथे एका जुन्या राजवटीचा शिरस्ता चालू होता आणि ज्या दप्तरातून तो निघाला तेथे दुसऱ्या राजवटीचा. या दोन शिरस्त्यांचा तंटा लिनक्सच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा तपास करणाऱ्याला संगणकाच्या मागे टंकयंत्रापर्यंत व तारायंत्रापर्यंत जाणे भाग पडते.

आज जे काम आपण एका बोटाच्या एका दाबात उरकतो ते मुळात दोन निरनिराळ्या घराण्यांत वाढलेले आहे. मागे येणे हे टंकयंत्राच्या घराण्यातले आणि लिहिलेले खोडणे हे तारायंत्राच्या. पहिल्याला दुसरे करता येत नव्हते, दुसऱ्याला पहिले करता येत नव्हते, आणि दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याचे सहकारी यांनी १८६८ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, आणि बंदुका व शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याने १८७४ मध्ये जे बाजारात आणले, त्या टंकयंत्रावर फक्त मोठ्या लिपीतील अक्षरे उमटत. लहान-मोठी दोन्ही अक्षरे देणारी शिफ्टची सोय १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात आली. बॅकस्पेसची कळ पुढे रुळली. तिचे काम कागद धरणारा गाडा एक घर उजवीकडे सरकवणे एवढेच, म्हणजे छपाईची जागा एक अक्षर मागे येई. कागदावरची शाई जेथल्या तेथे राही. ज्याला शब्दाखाली रेघ ओढायची आहे त्याने शब्द टंकावा, तितकीच घरे मागे यावे आणि रेघेची कळ दाबत पुढे जावे. अनेक यंत्रांवर उद्गारचिन्हाची कळ नसे. तेथे आधी वरचा अल्पविराम मारून, मागे येऊन, त्याच्याखाली पूर्णविराम द्यावयाचा, की उद्गारचिन्ह तयार. एकावर एक अक्षर बसवणे हाच त्या कळीचा प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. खोडण्यासाठी रबर होते, पाते होते, आणि डॅलस येथील बेट नेस्मिथ ग्रॅहम या चिटणीस बाईने स्वतःच्या कामासाठी तयार करून १९५६ पासून विकायला काढलेला पांढरा द्रव होता. टंकयंत्राने स्वतः अक्षर उचलून घेणे हे १९७३ च्या विजेवर चालणाऱ्या सिलेक्ट्रिक यंत्रापर्यंत सामान्य टंकलेखकाच्या आटोक्यात आलेले नव्हते.

आपल्याकडच्या कचेऱ्यांतही हीच वहिवाट होती. मराठी टंकयंत्रावर मात्रा, अनुस्वार यांसारख्या कळी मुद्दाम अशा बसवलेल्या असत की त्या दाबल्यावर गाडा पुढे सरकत नसे, कारण पुढचे अक्षर त्याच घरात यायचे असे. आणि कित्येक अक्षरे अर्धा आकार व काना मिळून सिद्ध होत. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले तेव्हा न्यायालयांच्या आवारातील टंकलेखकांच्या कित्येक पिढ्या या शिस्तीत तयार झालेल्या होत्या. एक दाब म्हणजे कागदावर एक खूण, ही त्या पिढ्यांची समजूत पुढे संगणकावर आल्यावर कशी अडखळली, त्याकडे शेवटी येऊ.

तारायंत्राच्या घराण्यातला प्रश्न वेगळा होता, कारण तेथे कागदावर शाई उमटण्याआधी फितीवर भोके पडत. फ्रान्सच्या एमिल बोदो याने १८७० च्या दशकात पाच घटकांचा संकेत सिद्ध केला, आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डॉनल्ड मरे याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात फेरफार करून टंकयंत्रासारख्या कळफलकावरून कागदी फीत छेदण्याची रीत रूढ केली. संदेश आधी फितीवर छेदून ठेवायचा आणि तार मोकळी होताच फीत यंत्रातून वेगाने सोडायची, म्हणजे महागड्या तारेचा एक क्षणही कारकुनाच्या विचार करण्यात वाया जात नसे. परंतु फितीवर चूक झाली तर काय करावे? पडलेले भोक बुजवता येत नाही; मात्र न पडलेले भोक पाडता येते. म्हणून ज्या आडव्या ओळीत चुकीचे अक्षर छेदले गेले आहे त्या ओळीतली सगळीच भोके पाडून टाकावी, आणि अशी सर्वछिद्र ओळ आली असता वाचणाऱ्या यंत्राने ती अक्षर म्हणून उमटवू नये, असा तोडगा निघाला. कोणत्याही अक्षराचे रूपांतर या एका रूपात करता येते, आणि या रूपातून मागे फिरता येत नाही. इतके साधे आणि इतके निरपवाद उत्तर अभियांत्रिकीच्या इतिहासात वारंवार सापडत नाही, असे मला वाटते.

अमेरिकेत १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९६७ मध्ये सुधारलेल्या आस्की नामक सात घटकांच्या संकेतात या दोन्ही घराण्यांना इनामे मिळाली. टंकयंत्राच्या मागे येण्याला ८ हा क्रमांक मिळाला. नियंत्रणाची सगळी चिन्हे ० ते ३१ या पट्ट्यात बसवलेली असल्याने तो तेथे शोभूनही दिसला. फितीवरच्या खोडण्याला मात्र त्या पट्ट्यात जागा देणे शक्यच नव्हते, कारण सातही भोके म्हणजे गणिताने १२७ हाच आकडा. म्हणून ते एकटेच कोष्टकाच्या अगदी शेवटच्या घरात जाऊन राहिले. मघाचे ‘^एच’ कोठून आले तेही येथे उलगडते: टोपीसारखे चिन्ह कंट्रोलची कळ दर्शवते, एच हे रोमन लिपीतले आठवे अक्षर, आणि दोन्ही मिळून आठवा संकेत. जेथे ‘^?’ दिसेल तेथे १२७ समजावा.

त्याच १९६३ मध्ये टेलिटाइप कंपनीने काढलेले ३३ क्रमांकाचे दूरटंकयंत्र, आपल्या सेकंदाला १० अक्षरांच्या संथ खडखडाटासह, पुढे संगणकाच्या पहिल्या पिढीचे तोंड आणि कान झाले. त्याच्या फीत छेदणाऱ्या भागावर फीत एक घर मागे ओढणारे एक स्वतंत्र बटण होते आणि कळफलकावर ‘रबआउट’ नावाची कळ होती. चूक दुरुस्त करणारा आधी डाव्या बाजूचे बटण दाबून फीत मागे आणी आणि मग कळफलकावर रबआउट मारून ती ओळ छेदून टाकी. मागे येणे आणि खोडणे यांची मुखत्यारी किती अलग होती, हे त्या एका यंत्रावर दोन हातांच्या अंतराने मांडलेले दिसे. कागदावर अक्षरे उमटवणाऱ्या भागाला तर मागे येताच येत नव्हते.

न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ज्या युनिक्स प्रणालीची उभारणी केली ती अशाच दूरटंकयंत्रांसमोर बसून. कागदावरचे अक्षर नाहीसे होणार नाही हे गृहीत धरूनच त्यांनी खोडण्यासाठी ‘#’ आणि सगळी ओळ रद्द करण्यासाठी ‘@’ ही चिन्हे नेमली. मराठीत उदाहरण द्यायचे तर ‘घर’ लिहिताना ‘घट’ झाले, की ‘घट#र’ असे लिहावे. कागदावर ते सगळे दिसत राही आणि यंत्र मात्र ‘घर’ एवढेच मनावर घेई. हिशेबाच्या वहीत चुकीचा आकडा खाडाखोड न करता शेरा मारून दुरुस्त करण्यासारखाच हा प्रामाणिकपणा होता, आणि ज्यांना तो गैरसोयीचा वाटतो त्यांनी तेव्हाच्या कागदाची गाठोडी डोळ्यांपुढे आणावी. पण या व्यवस्थेत १२७ हा संकेत बेकार झाला, आणि बेकार संकेताला काम देणारे कोणी ना कोणी भेटतेच. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो चालू कार्यक्रम मध्येच थांबवण्याच्या हुकमासाठी वापरला जात होता. इतर यंत्रांवरच्या सवयीने अक्षर खोडायला गेलेल्या पाहुण्याचे चालू कामच बंद पडे.

नंतर काचेची टर्मिनले आली आणि अक्षर खरोखर पुसता येऊ लागले. येथून दोन्ही घराण्यांच्या हद्दी एकमेकींत शिरल्या. १९७६ च्या सुमारास विकल्या गेलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर ८ चा संकेत म्हणजे कर्सर डावीकडे नेणे. त्याच्या एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळींवर चार दिशांचे बाण छापलेले होते, आणि बर्कली येथे बिल जॉय याने व्हीआय हा संपादक याच टर्मिनलवर घडवल्यामुळे त्या चार अक्षरांनी हलण्याची रीत आजही लक्षावधी बोटांत टिकून आहे. उलट एमआयटीत १९७६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे रिचर्ड स्टॉलमनच्या नावाशी जोडल्या गेलेल्या ईमॅक्स संपादकाने कंट्रोल-एच ही जोडी मदत मागण्यासाठी राखून ठेवली आणि खोडण्याचा अधिकार १२७ कडे दिला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर बॅकस्पेस व डिलीट अशा दोन वेगळ्या कळी होत्या, पहिलीतून ८ जाई आणि दुसरीतून १२७. तिच्याच १९८३ च्या व्हीटी-२२० बरोबर जो कळफलक आला त्यावर कोपऱ्यातली मोठी कळ १२७ पाठवू लागली, आणि शेजारी सहा कळींचे एक नवे बेट उगवले, ज्यातली ‘रिमूव्ह’ नावाची कळ एस्केप, चौकटी कंस, ३ आणि लहरचिन्ह असा चार चिन्हांचा लांबलचक निरोप धाडी. आपल्या आजच्या कळफलकावरची डिलीट लिनक्सच्या टर्मिनलमध्ये अजून हाच चार चिन्हांचा निरोप धाडते. त्याच्या मूळच्या ‘रिमूव्ह’चे नाव आता कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

इतक्या वतनदारांत एकवाक्यता होणे अशक्य होते, म्हणून युनिक्सने प्रत्येक वापरकर्त्यालाच आपला शिरस्ता ठरवण्याची मुभा दिली. ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने ज्याने त्याने आपल्या टर्मिनलपुरता खोडण्याचा संकेत नेमून घ्यावा, आणि प्रवेश करताना वाचल्या जाणाऱ्या आपल्या फायलीत ती ओळ कायमची लिहून ठेवावी. या फायली नवे विद्यार्थी जुन्यांकडून नकलून घेत. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक ओळीचे कारण ठाऊक असेच असे नाही. पुढे ‘^एच’ला गमतीदार वापर मिळाला तोही याच मंडळींकडून: पत्रात आधी मनातला खवचट शब्द लिहायचा, मग तो खोडल्याचा आव आणत पुढे चार-पाच ‘^एच’ ठेवायचे आणि सभ्य शब्द लिहायचा. टंकयंत्राच्या कळीला शोभणारी दुसरी नोकरीही ८ ने सोडली नव्हती. युनिक्सच्या माहितीपानांत ठळक अक्षर दाखवायचे म्हणजे तेच अक्षर, ८ आणि पुन्हा तेच अक्षर असे लिहिले जाई, व अधोरेखित करायचे म्हणजे अधोरेषा, ८ आणि अक्षर. अशी पाने वाचून दाखवणारा ‘लेस’ हा कार्यक्रम हा जुना करार आजही पाळतो.

दुसऱ्या बाजूस १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक ८३ कळींचा कळफलक घेऊन आला होता, आणि त्याच्या जगात कोपऱ्यातली कळ निःसंदिग्धपणे ८ देत होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने लिनक्सचा पहिला अवतार प्रसिद्ध केला तो याच जातीच्या, ३८६ प्रक्रियकाच्या यंत्रावर. परंतु त्याच्या ०.०१ आवृत्तीतली कळफलकाची फाईल उघडून पाहिली, तर फिनलंडच्या कळफलकाप्रमाणे मांडलेल्या तक्त्यात अंकांच्या ओळीनंतर लगेच १२७ लिहिलेला आढळतो, आणि टर्मिनलच्या आरंभीच्या नेमणुकांत खोडण्याचे काम त्याच १२७ कडे दिलेले आहे. शरीर आयबीएमचे आणि कुळाचार डिजिटलचा, अशी ही व्यवस्था. लिनक्सची सुरुवात विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीवरून बोलू शकणाऱ्या एका टर्मिनलच्या अनुकरणातून झाली, आणि तो विद्यापीठाचा संगणक डिजिटलचा मायक्रोव्हॅक्स होता, हे ठाऊक असल्यावर या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह आवरत नाही. पण मोहापलीकडे पुरावा म्हणून तो पुढे करणे मला बरे वाटत नाही.

खरा घोळ झाला तो आलेखीय डेस्कटॉप आल्यावर. एक्स विंडो प्रणाली एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिला कोणत्याही एका टर्मिनलचा अभिमान नसल्याने तिने कळींना नावे दिली, बॅकस्पेस आणि डिलीट ही दोन अलग नावे, आणि त्या नावांचा अर्थ लावणे खिडकीतल्या कार्यक्रमावर सोडले. तिच्याबरोबर येणारा एक्सटर्म बॅकस्पेसचे भाषांतर ८ असे करी. मग एकाच लिनक्स यंत्रावर काळ्या कन्सोलवर एक कळ १२७ बोले आणि खिडकीत तीच कळ ८ बोले, आणि दूरच्या एखाद्या युनिक्स यंत्रावर प्रवेश केला की तिसराच अर्थ निघे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या डेबियन प्रकल्पाने आपल्या धोरणग्रंथात या कळीसाठी स्वतंत्र कलम घातले: बॅकस्पेसने डावीकडचे अक्षर जावे, डिलीटने उजवीकडचे, टर्मिनलात पहिलीचा संकेत १२७ असावा, आणि कंट्रोल-एच ईमॅक्सच्या मदतीसाठी मोकळे राहावे. एका कळीसाठी तहनामा लिहावा लागणे हास्यास्पद वाटेल. पण ते कलम वाचताना त्यात बेल प्रयोगशाळा, एमआयटी आणि डिजिटल या तिघांचे दावे किती काटेकोरपणे तोलले आहेत हे दिसते. मिलानच्या विद्यापीठातील सेबास्तियानो विन्या यांनी या एकाच विषयावर मार्गदर्शक टिपण लिहिले. व्हिम संपादकात या दुखण्यासाठी ‘फिक्सडेल’ नावाची आज्ञा आहे. गनोम टर्मिनलच्या मांडणीत आजही अनुकूलतेच्या पानावर बॅकस्पेसने काय पाठवावे असा प्रश्न विचारलेला असून कंट्रोल-एच, आस्की डिलीट, एस्केपची मालिका असे पर्याय दिलेले आहेत. ते कोणासाठी आहेत हे बहुतेकांना उमगत नाही, आणि उमगले नाही तरी चालते, कारण त्यातला ‘स्वयंचलित’ हा पर्याय सहसा योग्य निवाडा करतो.

तेव्हा बिघडलेल्या कळीचा तपास हा मुख्यत्वे जबान्या घेण्याचा उद्योग आहे, आणि त्यासाठी तो निरोप कोणकोणत्या चौक्यांवरून जातो हे माहीत असावे लागते. १९८४ च्या ‘एटी’ यंत्रापासून चालत आलेल्या पद्धतीच्या कळफलकावर कोपऱ्यातली कळ दाबली असता आतला चिमुकला प्रक्रियक १०२ हा आकडा धाडतो. यंत्रातला नियंत्रक त्याचे १४ मध्ये रूपांतर करतो, कारण १९८१ च्या कळफलकाचा आकडा तो होता आणि जुन्या कार्यक्रमांना दुखवायचे नव्हते. लिनक्सच्या गाभ्यातही बॅकस्पेसचा क्रमांक १४ च. एक्स प्रणालीच्या करारात ८ च्या खालचे क्रमांक वर्ज्य असल्याने तेथे त्यात ८ मिळवून २२ होतात. मग मांडणीचे कोष्टक २२ ला बॅकस्पेस हे नाव देते, ज्याचा तेथला अंक ६५२८८. आणि शेवटी टर्मिनल त्या नावाचे १२७ करून आतल्या कार्यक्रमाच्या हाती ठेवते. कळफलक यूएसबीचा असेल तर आरंभीचा आकडा ४२ असतो, आणि गंमत अशी की गाभ्याच्या कोष्टकात ४२ म्हणजे डावी शिफ्ट, म्हणून जुनी-नवी टिपणे एकत्र वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ उडतो.

प्रत्येक चौकीवर जबानी घेणारा वेगळा. रूटचा अधिकार घेऊन ‘ईव्हटेस्ट’ चालवला की गाभ्याने काय नोंदले ते दिसते: कळीचे नाव, १४ हा क्रमांक, आणि पुढे दाबल्याचा १, धरून ठेवल्यास पुनरावृत्तीचा २, सोडल्याचा ०. एका दाबाला काही मिलिसेकंदांच्या आत १, ०, १, ० अशी नोंद होत असेल तर आतला संपर्क झिजला आहे, आणि मग कोणत्याही मांडणीने औषध लागू पडत नाही. येथे काहीच उमटत नसेल तर फिर्याद तारेची किंवा कळीची. नोंद झाली पण भलत्याच कळीच्या नावाने, तर उपकरणांची ओळख ठेवणाऱ्या ‘यूडेव्ह’च्या कोष्टकात त्या यंत्रापुरती एक ओळ घालून ती सुधारता येते. त्यावरच्या चौकीवर ‘एक्सईव्ही’ हे साधन, आणि एक्सच्या जागी आलेल्या वेलँडच्या नव्या राजवटीत ‘डब्ल्यूईव्ही’, कारण तेथे जुन्या साधनाला फक्त जुन्या पद्धतीच्या खिडक्यांतले दिसते. शेवटची चौकी टर्मिनलची: कंट्रोल-व्ही दाबून लगेच बॅकस्पेस दाबावे, म्हणजे टर्मिनल खरोखर काय पाठवते ते जसेच्या तसे उमटते, आणि ‘एसटीटीवाय -ए’ लिहून, खोडण्यासाठी पलीकडे काय नेमलेले आहे ते वाचावे. एका ठिकाणी ‘^एच’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘^?’ आढळले की गुन्हेगार सापडला. वर सांगितलेल्या सगळ्या इतिहासाचे एका ओळीत उरलेले अवशेष ते हेच.

सोडल्याची नोंद हरवली तर होणारा उपद्रव निराळा. दाबणे व सोडणे यांचे दोन स्वतंत्र निरोप जातात; दुसरा वाटेत गहाळ झाला की यंत्राच्या लेखी बोट कळीवरच असते आणि अक्षरांची धार लागते. काही मांडीवरील संगणकांच्या खास कळी सोडल्याचा निरोप मुळीच पाठवत नाहीत, म्हणून अशा कळींच्या नावाने सोडल्याची खोटी नोंद करण्याची सोय गाभ्याला करावी लागली. आणि एक्सच्या सुगम्यतेच्या सोयी चालू असतील तेथे कधी कधी काहीच बिघडलेले नसते: शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की प्रत्येक कळ बराच वेळ दाबल्याशिवाय दाद देत नाही, अशी एक सोय अपंगांसाठी आहे, आणि कोपर टेकून विचार करणारा मनुष्य ती नकळत सुरू करून बसतो.

मराठी लिहिणाऱ्याच्या बॅकस्पेसची तक्रार मात्र या सर्वांहून वेगळी, आणि ती अद्याप मिटलेली नाही. ‘क्षि’ हे अक्षर डोळ्यांना एक. संगणकाच्या नोंदीत ते क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार. बाणाची कळ ते एका उडीत ओलांडते, डिलीट त्याला समोरून एका दाबात नाहीसे करते, पण बॅकस्पेस चार दाब घेते. त्यातही पहिल्या दाबाला, कर्सर उजवीकडे असताना, डावीकडे काढलेली वेलांटी जाते, कारण भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मान्य केलेल्या संकेतात आणि युनिकोडमध्येही वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठवली जाते. ज्यांचा हात जुन्या टंकयंत्रावर बसला त्यांनी वेलांटी आधी आणि अक्षर नंतर मारलेले असते; त्यांना वाटते, आपण शेवटी लिहिले ते शाबूत आणि आधी लिहिले ते गायब, म्हणजे कळ नक्कीच बिघडली. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मजकूर मांडणाऱ्या पँगो या ग्रंथालयात यासाठी स्वतंत्र खूण ठेवलेली आहे: या ठिकाणी बॅकस्पेसने एक घटक काढावा की संपूर्ण अक्षर. भारतीय लिप्यांबाबत उत्तर एका घटकाचे मिळते. यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि कर्सर एका उडीत ओलांडतो ते खोडताना चार उड्या का, हा त्यांचा प्रश्न तर्काला धरूनही आहे. परंतु ‘क्षि’ ऐवजी ‘क्षी’ हवे असता सगळे अक्षर पुन्हा घडवत बसण्यापेक्षा केवळ वेलांटी उचलता यावी हे लिहिणाऱ्याच्या हिताचे, असे माझे मत आहे, आणि ज्याला अख्खे अक्षरच घालवायचे आहे त्याच्यासाठी व्हीटी-२२० च्या बेटावरून आलेली डिलीटची कळ दोन बोटांच्या अंतरावर आहेच.